गाडीत उंदीर परत परत येत असतील तर आधी शेड तपासा

सकाळी सहाला वर्ध्याला निघायचं होतं. चावी फिरवली, गाडी सुरू झाली, पण आवाज फाटका. डॅशवर पिवळा इंजिनचा दिवा लागला. दोन वर्षांतली ही चौथी खेप. बोनेट उघडायच्या आधीच मला माहीत होतं आत काय असणार. एका इंजेक्टरच्या वायरीचं आवरण सोलून काढलेलं, तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या आणि बॅटरीच्या मागे कापसाचा पांढराशुभ्र गोळा. कापूसही माझ्याच वेचणीचा, चांगल्या प्रतीचा. सरकी वेगळी काढून ठेवली होती पठ्ठ्यानं.

हिंगणघाटच्या मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणतो, "भाऊ, गणपतीचं वाहन तुमच्या वाहनात बसलं. पुण्य लागन." हा विनोद तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो आणि मग बिल देतो.

ज्यांची गाडी खेड्यात टिनाच्या शेडमध्ये, कोठ्याच्या (गुरांच्या गोठ्याच्या) बाजूला उभी असते आणि आठवड्यातून एखाद-दोन वेळाच बाहेर निघते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शहरातल्या पार्किंगसाठी सांगतात ते उपाय आपल्याकडे अर्धेच लागू पडतात. तिथे शेजारी कुटाराची (भुशाची) गंजी नसते. चौथ्या खेपेनंतर मी जे बदललं त्याला आता दीड वर्ष होत आलं. सोयाबीनच्या दोन काढण्या, एक अख्खा पावसाळा आणि एक कडक थंडी गेली. एकही वायर तुटली नाही, आणि यासाठी एकही उंदीर मारावा लागला नाही.

आधी मी कुठे कुठे चुकलो

पहिल्या वेळी सगळे करतात तेच केलं, औषध ठेवलं. कृषी केंद्रातून ब्रोमॅडिओलोनचे निळे केक आणले आणि गाडीच्या चाकांजवळ टाकले. हे औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, त्याला चार-पाच दिवस लागतात, आणि त्या दिवसांत तो आडोशाला जाऊन बसतो. माझ्या उंदराला सगळ्यात चांगला आडोसा सापडला तो एसीच्या ब्लोअरमागे. पुढचे बारा दिवस गाडीत बसवत नव्हतं. ब्लोअर खोलून त्याला काढायची मजुरी वायरीच्या बिलापेक्षा जास्त झाली. त्याच आठवड्यात दारच्या कडुनिंबाखाली एक पिंगळा मरून पडलेला दिसला. आई एवढंच म्हणाली, "तुह्याच औषधानं." मी वाद घातला नाही. असं औषध खाल्लेला सुस्त उंदीर पिंगळ्याला, मांजराला, धामणीला सहज सापडतो आणि त्याच्या अंगातलं विष त्यांच्या पोटात जातं. उंदीर खाणारेच मेले की पुढच्या वर्षी उंदीर वाढणार. हा हिशोब साधा आहे, मला तो उशिरा कळला.

मग चिकटपट्टी आणली. एका रात्रीत दोन चिमणीएवढे उंदीर आणि एक पाल चिकटली. सकाळी तिघंही जिवंत होती आणि ओरडत होती. तो आवाज ऐकल्यावर पुन्हा ती पट्टी घरात आणली नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळानं अशा पट्ट्यांवर बंदी घाला असं राज्यांना कळवलेलं आहे. बाजारात त्या अजून मिळतात हा भाग वेगळा. चिकटलेला जीव सोडवायचा असेल तर खायचं तेल हळूहळू सोडायचं, ओढायचं नाही. पालीला मी तसंच सोडवलं.

तिसरा प्रयोग तिखटाचा. उंदराला तिखट झोंबतं हे खरंच आहे. मिरचीतल्या कॅप्सायसिनची आग बहुतेक सस्तन प्राण्यांना लागते, पक्ष्यांना लागत नाही. होंडा कंपनीची तर तिखट लावलेली वायरवर गुंडाळायची टेपच मिळते. मी मात्र अतिशहाणपणा केला. घरची भिवापुरी मिरची कांडून आणलेली होती, ती दोन मुठी काचेखालच्या जाळीत भुरकली. दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन निघालो, एसी लावला. ती जाळी म्हणजे एसीला बाहेरची हवा घेण्याची जागा, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. सेलूपर्यंत बाबा खोकत होते, मी डोळे पुसत होतो आणि गाडीच्या चारही काचा उघड्या होत्या. कोरडं तिखट गाडीत कुठेही टाकू नका. लावायचंच असेल तर ती टेप लावा, नाहीतर सोडून द्या.

डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पुडी, कापूर, पुदिन्याचं तेल यांबद्दल थोडक्यात. वासानं उंदीर दोन-चार दिवस बिचकतो. इंजिनाच्या उष्णतेनं वास उडून जातो आणि उंदराला त्याची सवय होते. डांबराच्या गोळ्यांची वाफ माणसालाही अपायकारक असते, लहान मुलं ज्या गाडीत बसतात त्यात त्या ठेवू नयेत. अल्ट्रासोनिक यंत्र मीही घेतलं होतं. तो आवाज भिंत, इंजिन, चाक कशाच्याही पलीकडे जात नाही आणि उंदरांना काही दिवसांत तो सवयीचा होतो. माझ्या यंत्राच्या वरच लेंड्या सापडल्या. वायरींवर रॉकेल किंवा डिझेल मारायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. रबर फुगतं, आणि गरम सायलेन्सरजवळ पेट घेण्याची भीती.

काकाजींचं एक वाक्य

चौथ्या वेळी मी शेडमध्ये उभा राहून उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. शेजारचे काकाजी बैल सोडून येता येता थांबले. शेडकडे, कोठ्याकडे, गंजीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरा, उंदीर गाडीत नाई येऊन राह्यला. तुह्या ढेपीकडं येऊन राह्यला. गाडी त्याच्या वाटेत हाय, बस."

मी शेड पहिल्यांदा नीट पाहिलं. गाडीच्या मागे भिंतीला टेकून ढेपीची, म्हणजे जनावरांच्या पेंडीची, तीन पोती. डाव्या अंगाला टिनपत्र्याच्या पलीकडे कुटाराची गंजी, पत्र्याला लागूनच. उजवीकडे पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा ढीग, चुलीसाठी. मध्ये गाडी, भिंतीपासून वीतभर अंतरावर, वरून जमिनीला टेकणारं कव्हर. उंदराला याहून चांगला रस्ता कोणी बांधून दिला नसता. अंधार, आडोसा, दोन्ही टोकांना खाणं आणि मधे गरम घर.

उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही. भिंतीला अंग घासत, आडोशाआडोशानं जातो. घरातल्या छोट्या उंदराचा रोजचा फेरा तर दहा मीटरच्याही आतला असतो. म्हणजे गाडीत उंदीर आहे याचा अर्थ त्याचं खाणं आणि बीळ गाडीपासून काही पावलांवरच आहे. तो दूरच्या वावरातून रोज वारी करत नाही.

सोयाबीननंतर आणि दिवाळीच्या पुढे हा त्रास का वाढतो, तेही इथूनच कळतं. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की वावर मोकळं होतं, खाणं आणि झाकण दोन्ही जातं. त्याच वेळी कुटार आणि नवीन माल घराजवळ येतो. मग थंडी पडते. रात्री परत आलेल्या गाडीचं इंजिन बराच वेळ ऊबदार राहतं. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की पुन्हा तीच गर्दी. माझ्या चार खेपांपैकी दोन नोव्हेंबरातल्या, एक जानेवारीतली, एक ऑगस्टातली.

वायरी का कुरतडतो, यावर मिस्त्री सांगतो, "आजकालच्या वायरीचं प्लास्टिक सोयाबीनचं असते, म्हणून खाते." असेल काही गाड्यांत. पण बाबांच्या जुन्या जीपच्या वायरीही उंदरांनी कुरतडल्या होत्या, तेव्हा असलं काही नव्हतं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, मोठ्या उंदराचे वर्षाला 10 सेंटिमीटरहून जास्त. ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी चावावंच लागतं. वायर फक्त त्याच्या घराशेजारी सापडते. त्यामुळे वायर बदलताना "उंदीर न खाणारी" शोधत बसण्यापेक्षा तिथे त्याचं घरच होऊ न देणं बरं.

पाहुणा नेमका कोण, ते राखेवरून ओळखा

हा भाग वगळू नका. आमच्याकडे दोन महिने मी ज्याच्या मागे लागलो होतो ती चिचुंद्री निघाली. तिचा वायरींशी काही संबंधच नव्हता.

चुलीतली थंड राख चाळणीनं चाळून घ्या. रात्री गाडीच्या चारही चाकांभोवती आणि भिंतीच्या कडेनं तिचा पातळ थर पसरा. रांगोळीही चालते. सकाळी बॅटरीचा उजेड आडवा पाडून पाहा. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात आणि मागच्याला पाच. चिचुंद्रीच्या चारही पायांना पाच-पाच. चिचुंद्री किडे, झुरळं, गोम खाते. तिचा उग्र वास येतो, ती भिंतीला धरून चिक् चिक् करत जाते. तिला राहू द्या.

लेंड्या तांदळाएवढ्या आणि टोकदार असतील तर घरातला छोटा उंदीर. हरभऱ्याच्या दाण्याहून लांब, सेंटिमीटरभर किंवा जास्त असतील तर मोठा उंदीर, तो चढण्यात पटाईत असतो. शेडच्या कोपऱ्यात टोपलंभर माती उकरलेली असेल तर घूस. घूस गाडीत फारशी शिरत नाही, पण शेडचा पाया पोखरते. घरटं दिवसा बांधलं जात असेल, त्यात सुतळी, नारळाच्या शेंड्या, कापूस असेल, तर खार आहे. खारीसाठी शेडवर टेकलेली कडुनिंबाची फांदी छाटली की बहुतेक काम होतं.

राखेचा दुसरा फायदा म्हणजे रस्ता दिसतो. आमच्याकडे ठसे ढेपीच्या पोत्यांमागून निघाले, भिंतीला धरून मागच्या डाव्या चाकाशी आले आणि तिथे संपले. म्हणजे तिथून वर चढला. दुसऱ्या रात्रीही तसंच. चार चाकांपैकी तो एकाच चाकावरून जात होता.

शेडमध्ये काय बदललं

सगळ्यात जास्त फरक इथे पडला, म्हणून सविस्तर लिहितो.

गंजी हलवली. शेडपासून चांगली पन्नास फूट दूर, आणि जमिनीवर सरळ न रचता खाली लाकडं टाकून एक फूट उंच. खालून मोकळं राहिलं की बीळ करायला झाकण मिळत नाही आणि मांजराला वावरायला जागा मिळते. एक दिवसाचं काम, दोन माणसं. बाबा म्हणाले, पावसात कुटार नेता-आणताना भिजेल. भिजतं थोडं. मी त्यांना गाडीचं बिल दाखवलं.

ढेप आणि बियाणं आता झाकणाच्या टिनाच्या कोठीत असतं. पोतं कितीही जाड असलं तरी उंदराला ते एका रात्रीचं काम. प्लास्टिकचा ड्रमही मोठा उंदीर कडेनं कुरतडतो. तुमच्याकडे पत्र्याची जुनी कोठी धूळ खात असेल तर ती काढा.

पऱ्हाटीचा ढीग घराच्या दुसऱ्या अंगाला गेला. आईला चुलीपासून लांब पडतो, तिची कुरबुर अजून चालू आहे.

गाडी भिंतीपासून चार फूट दूर, शेडच्या मधोमध लावतो. चारही बाजूंनी मोकळी फरशी, झाडलेली. तिच्याभोवती काही ठेवायचं नाही, पाण्याची नळीही नाही. ही एक गोष्ट करायला एक रुपया लागत नाही आणि बाकी काही जमलं नाही तरी ही जरूर करा.

कव्हर काढून टाकलं. धुळीपासून बचाव होतो म्हणून टाकत होतो, पण जमिनीपर्यंत लोंबणारं कव्हर म्हणजे उंदराचा तंबू. टाकायचंच असेल तर खालची कड चाकांच्या वर बांधा.

शेडचा मागचा पत्रा आणि जमीन यांच्यात दोन बोटांची फट होती. तिथे पाव इंच, म्हणजे 6 मिलिमीटर भोकांची जस्ताची वेल्डेड जाळी लावली आणि खाली जमिनीत वीतभर पुरली. जाळी घेताना दुकानदार अर्धा इंचाची दाखवतो, स्वस्त पडते. छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून सहज जातो, त्यामुळे पाव इंचच मागा. डासांची नायलॉनची जाळी उपयोगाची नाही, तो ती कुरतडतो.

आणि उजेड. शेड बंदिस्त असेल तर रात्री बोनेट अर्धं उघडं ठेवून वर एक छोटा एलईडी बल्ब लावला तर आतली अंधारी गुहा राहत नाही. पहिले दोन महिने मी असंच केलं. लाइट गेली की बल्बही जातो हे आपल्याकडे सांगायला नको, पण रोज तासन्‌तास जात नसेल तर फरक पडतो. फक्त बोनेटखालचा गाडीचा स्वतःचा दिवा असेल तर तो बंद करा, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली मिळेल.

मांजर पाळा असं बरेच जण सांगतात. आमच्याकडे दोन आहेत. त्यांचा वचक असतो हे खरं, पण शेडमध्ये ढेप उघडी असेल तर मांजर असूनही उंदीर येतातच. थंडीत मांजरंही ऊब शोधत इंजिनावर जाऊन बसतात, म्हणून गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारायची सवय लावा. एकदा मांजराऐवजी धामण उतरली होती. धामण बिनविषारी, उंदरामागे आलेली. पण तिच्या जागी घोणसही असू शकली असती, तेव्हा हात घालण्याआधी बॅटरी मारून पाहा.

मग गाडीकडे या

गाडीत खाणं नको, हे सगळे सांगतात. पण आपल्याकडे खाणं म्हणजे फक्त मुलांची बिस्किटं नव्हेत. जूनमध्ये मी याच गाडीतून सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा आणल्या होत्या. डिकीतली चटई उचलली तर खाली मूठभर सोयाबीन, स्टेपनीच्या खड्ड्यात आणखी थोडं, त्यावर कुरतडलेली साल. व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर चटया बाहेर काढून झटका, स्टेपनी उचला, ओल्या फडक्यानं पुसा. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत हे दर आठवड्याला करा.

काचेखालची जी जाळी, तिच्या आतून हवा ब्लोअरकडे जाते. तिथे पाव इंचाची स्टीलची जाळी बसवून घेतली. मिस्त्रीनं वाइपरचं प्लास्टिक काढलं, जाळी कापून बसवली, तासाभराचं काम. केबिन फिल्टर काढून पाहिला तर त्याचा एक कोपरा खाल्लेला होता, तोही बदलला. एसीमधून कुबट वास येत असेल तर आधी हा फिल्टर पाहा.

गाडी बंद करताना हवेचं बटण बाहेरच्या हवेवर न ठेवता आतल्या हवेवर ठेवा. बऱ्याच गाड्यांत बाहेरची झडप मग बंद राहते. फुकटचा उपाय आहे.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात वायरी जाण्यासाठी रबरी बुच असतात. एखादं निघालेलं असेल तर तिथे तांब्याची बारीक जाळी कोंबून वर सीलंट लावा. भांडी घासायची लोखंडी घासणी तात्पुरती चालते, पण ती पावसाळ्यात गंजते. पेडलच्या हालचालीजवळ काहीही कोंबू नका.

वायर एकदा तुटली की पुन्हा तिथेच तुटते, कारण त्या जागेला उंदराचा वास असतो. दुसरा उंदीर आला तरी तिथेच येतो. म्हणून दुरुस्तीनंतर ती जागा साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या आणि तेवढ्या तुकड्यावर धातूच्या तारांची विणलेली नळी चढवा. वायरीचं आवरण धड असेल तरच ही नळी चढवायची, दोन्ही टोकं टेपनं बंद करायची, नाहीतर शॉर्ट होईल. प्लास्टिकची नालीदार नळी पुरेशी नाही. फॅनचा पट्टा, सायलेन्सर, रेडिएटरसमोरची जागा इथे जाळी-नळी काहीही लावू नका. एअर फिल्टरच्या तोंडावर काही लावायचं असेल तर मिस्त्रीला विचारूनच. सुटलेली जाळी आत ओढली गेली तर इंजिनाचं काम निघेल.

एवढं केलं तरी गाडी पंधरा दिवस एका जागी उभी राहिली तर कोणीतरी येणारच. दोन-तीन दिवसांतून एकदा सुरू करा, अंगणात एक चक्कर मारा. घरटं बांधायला उंदराला एक रात्र पुरते, पण सारखी हलणारी जागा त्याला पिल्लांसाठी पसंत पडत नाही. मोठा उंदीर तर नवीन किंवा हललेल्या वस्तूला बिचकतोच.

विम्याचं विचारतात लोक. काही पॉलिसींत उंदराचं नुकसान धरलेलं असतं, काहींत नसतं. दुरुस्तीच्या आधी फोटो काढा आणि कंपनीला फोन करा, एवढंच सांगतो.

आत आधीच घरटं असेल तर

घाई करू नका. आधी पिल्लं आहेत का पाहा. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच ते आठ पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं असतील तर आईला पिंजऱ्यात पकडून नेणं म्हणजे पिल्लांना उपाशी मारणं. डोळे उघडायला दोन आठवडे लागतात.

ऑगस्टात मला अशी पाच सापडली, बॅटरीच्या ट्रेमध्ये. गाडी उन्हात नाही पण मोकळ्या अंगणात आणली, बोनेट आणि दारं उघडी ठेवली. हातमोजे घालून घरटं पिल्लांसकट अलगद उचललं, जुन्या खोक्यात ठेवलं, खोक्याला बाजूनं भोक पाडलं आणि ते संध्याकाळी शेडच्या बाहेर, ठसे यायचे त्याच भिंतीला लावून ठेवलं. सकाळी तीन पिल्लं उरली होती, दुसऱ्या सकाळी एकही नव्हतं. आई एकेक तोंडात धरून नेते. कुठे नेली ते मी शोधलं नाही.

पिल्लं नसतील तर घरचा तारेचा पिंजरा पुरतो. भिंतीला लावून, तोंड भिंतीच्या कडेनं येणाऱ्या वाटेकडे. आमिष म्हणून शेंगदाणा, तळलेलं भजं किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा. पिंजऱ्यात थोडा कापूसही टाका, थंडीत रात्रभर अडकलेला उंदीर गारठून मरतो. उन्हाळ्यात उलटं. एप्रिल-मेमध्ये टिनाखाली आठ वाजताच भट्टी पेटते, म्हणून पहाटे उठून पिंजरा पाहायचा. ते जमत नसेल तर त्या रात्री पिंजरा लावायचाच नाही. पाहायला कोणी नसलेला पिंजरा चिकटपट्टीसारखाच.

सोडायचा कुठे, यावर घरात बरीच चर्चा झाली. बाबांचं मत, वर्धा नदीच्या पलीकडे. पण अनोळखी जागी सोडलेल्या उंदराला बीळ माहीत नसतं, खाणं माहीत नसतं, तो बहुतेक वेळा फार दिवस टिकत नाही. शेडच्या फटी बंद झाल्या असतील तर त्याला शंभरेक पावलांवर, आपल्याच धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), झुडपाच्या आडोशाला, संध्याकाळी सोडा. फटी बंद व्हायच्या आधी सोडाल तर तो तुमच्या आधी घरी पोचेल. आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावर सोडू नका, गावात आधीच भांडणं कमी नाहीत.

घरटं काढल्यावरची सफाई कोरडी करू नका. झाडणी मारली की लेंड्यांची धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी असं मिश्रण फवारा, पाच मिनिटं थांबा, मग कागदानं उचला. वायरींच्या जोडांवर फवारू नका, तिथे ओलं फडकं पुरे. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती, तीही उंदरांच्या अंगावरच्या बारीक माइटमुळे पसरते. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि नंतर कपडे गरम पाण्यात.

ट्रॅक्टरला हेच सगळं लागू, फक्त तो हंगामांच्या मध्ये महिना-महिना उभा असतो. सीटखाली, बॅटरीच्या पेटीत आणि सायलेन्सरच्या मुळाशी पाहिल्याशिवाय स्टार्टर मारू नका. कोरडा कापूस आणि तुरीचं कुटार गरम सायलेन्सरवर पेटायला वेळ लागत नाही. वावरात हरभऱ्याच्या घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावता ना, त्यातले दोन घराकडच्या बाजूला लावा. दिवसा कोतवाल बसतात, रात्री पिंगळे.

मी अजूनही महिन्यातून एकदा राख पसरतो. काल रात्रीही पसरली होती. ठसे होतेच. भिंतीला धरून आले, शेडच्या कोपऱ्यापर्यंत गेले, जाळीपाशी थोडे घुटमळले आणि तिथून सरळ गंजीकडे वळले. गाडीच्या चाकांभोवतीची राख जशीच्या तशी होती, फक्त एका ठिकाणी आमच्या मांजरीनं अंग टाकल्याची खूण.